कापसाच्या खोलीपलीकडचं वायफाय

ही गोष्ट मी आजवर कोणाच्याही कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, मुलाच्या नाही. आणि ज्या दोघांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्यांच्या तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेवढंही सोपं नाही, हे पहिल्याच ओळीत कळलं.

पण घाबरू नका, हे रडगाणं नाही. उलट आमच्या घरातली ही सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे. लग्नकार्यात पंगत उठली की कोणीतरी ती काढतंच. लोक पोट धरून हसतात, शेवटी बायका डोळ्याला पदर लावतात, आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. कारण गोष्टीतला चांगला माणूस मी आहे. आता तुम्हीच सांगा — अशा गोष्टीतून कोणी स्वतःहून बाहेर पडेल का?

मी तर पडलो नाही.

मी कोण, ते आधी सांगतो. आर्णीजवळचं आमचं गाव. बापाकडून मला दोनच गोष्टी मिळाल्या, नाव आणि तापट डोकं. तरुणपणी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यावर, कापसाच्या गाड्या खाली केल्या. मग खेडोपाडी फिरून जुन्या मोटरसायकली घेतल्या-विकल्या. मग शेत झालं, मग स्लॅबचं घर झालं. जे आहे ते भाव करून मिळवलेलं आहे. मी वांग्यांचा भाव करतो, डॉक्टरच्या फीचा करतो; मुलाच्या लग्नात गुरुजींशी मंगलाष्टकं किती म्हणणार यावरूनसुद्धा केला होता. गावात मला कोणी सहज फसवत नाही, आणि फसवलंच तर मी ते विसरत नाही.

एक गोष्ट तर अजूनही विसरलो नाही. एका उन्हाळ्यात मी माझा कापूस जिनिंगवर नेला. हातात घेतला तर कुरकुर वाजावा इतका वाळलेला. तिथल्या कापूस बघणाऱ्या माणसाने कोपरापर्यंत हात घातला, नाकाजवळ पुंजका धरला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ओल हाये." ओल? त्या उन्हात माझ्या डोळ्यांतही ओल नव्हती! मी ओरडलो, भांडलो, गाडी परत फिरवायला लागलो — शेवटी त्याने वजनात कट मारलाच. गाडीभाडं अंगावर आलं असतं म्हणून मी कापूस सोडला. राग मात्र सोडला नाही. तो आजही इथे, छातीत, जसाच्या तसा आहे.

त्या रागातून मी काय सुरू केलं, ते सांगायचं आहे. सांगतो. पण आधी घर समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढे बैठक. मधली मोठी खोली एरवी रिकामी. मागे एक शांत खोली. तिला आणि मधल्या खोलीला अंगणाकडूनही दार. दिवाळीपासून मधल्या खोलीत कापूस पडायला लागतो आणि भाव चढेपर्यंत तिथेच राहतो — आमच्याकडे बहुतेक घरांत असंच असतं. छतापर्यंत पांढरी गंजी. घरभर बारीक किडे, अंगाला खाज, आणि बायकोचा रोजचा पाढा, "तुमचा भाव चढेपर्यंत आमची चामडी सोलून निघते." मी हसायचो. भाव माझ्या मनासारखा आल्याशिवाय कापूस हलवायचा नाही, हा माझा नियम होता.

काही वर्षांपूर्वी या घरात पल्लवी सून म्हणून आली. फुलसावंगीची मुलगी, यवतमाळला शिकलेली. मुलगा वणीला खाणीवर, आठवड्याने घरी येणारा. लग्न ठरवताना तिने मला समोर बसवून विचारलं होतं, "बाबा, मी गावात राहीन. पण मले घरून काम करू द्याल ना?" मी शब्द दिला. बाजारात मी शब्द फिरवतो, घरात नाही — असं मी तेव्हा म्हणालो होतो. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. मागच्या खोलीत कॉम्प्युटर बसला. गावात इंटरनेटची लाईन माझा भाचा गजू द्यायचा — माझ्या बहिणीचा मुलगा, अंगाने भरलेला, तोंडाने त्याहून भरलेला. बैठकीत त्याने वायफायचा डबा लावला आणि तिथून एक वायर कापसाच्या खोलीतून थेट कॉम्प्युटरपर्यंत नेली. सगळं झकास चाललं होतं. पल्लवी कानाला यंत्र लावून पुण्याशी बोलायची आणि मी दाराशी उभा राहून उगाच खाकरायचो, म्हणजे तिकडच्या लोकांना कळावं की घरात वडीलधारं कोणीतरी आहे.

मग होळीच्या सुमारास अवकाळी आली. वीज अशी कडाडली की वायरीतून येऊन कॉम्प्युटरची वायर खुपसायची जागाच जळाली. बाकी यंत्र ठीक. आर्णीच्या दुकानदाराने सांगितलं, आतला मोठा भाग बदलावा लागेल. मी त्याच्याशी बराच वेळ हुज्जत घातली आणि त्याऐवजी नखाएवढं एक यंत्र घेऊन आलो. कॉम्प्युटरला मागून ते खोचलं की वायरीची गरजच नाही, वायफाय हवेतून येतं! घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं, "पाह्य, आता वायरीची झंझटच गेली."

गेली ती वायर. झंझट तिथूनच सुरू झाली.

सकाळी लाईन बरी चालायची. दुपार झाली की तुटायची, यायची, परत तुटायची. आणि पुण्याची रोजची बैठक नेमकी चार वाजता. पल्लवी बोलता बोलता गोठायची. तिची नोकरी अजून पक्की नव्हती. तिथल्या मॅडमनी बजावलं — महिनाअखेरच्या मोठ्या बैठकीत असं झालं, तर आम्ही दुसरं माणूस बघतो. पोरीचा चेहरा पडला. पण रडली नाही. म्हणाली, "काय बिघडलं ते शोधून काढते."

मी काय केलं? मी चौकात गेलो. पानठेल्यासमोर गजू उभा होता, चार गिऱ्हाइकांच्या घोळक्यात. मी तिथेच सुरू झालो. "लाईन देते का भीक देते रे? माह्या सुनेची नोकरी खातं का?" गजूनेही आधी आवाज चढवला, "मामा, खांबापासून डब्यापर्यंत लाईन टनाटन हाये! कोनाच्याही बापाले बोलवा!" मग मी त्याच्या बापालाच मध्ये घेतलं, म्हणजे माझ्या मेहुण्याला, आणि प्रकरण वाढलं. लोकांना करमणूक झाली. पण त्यानंतर गावात बोललं जायला लागलं, की गजूची लाईन कच्ची आहे, सख्खा मामा म्हणतो. दोन-चार घरांनी त्याची लाईन काढूनही टाकली.

तोपर्यंत — हे मी शपथेवर सांगतो — तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं.

कळलं ते असं. पल्लवीने गजूला घरी बोलावलं. दोघं फोन हातात धरून घरभर फिरले. बैठकीत लाईन भरपूर. मधल्या खोलीच्या दाराशी कमी. मागच्या खोलीत जेमतेम. गजू लगेच म्हणाला, "पाह्य वहिनी, डबा ठनठनीत हाये. हा मामाचा कापूस आडवा येऊन राह्यला." मी हसण्यावारी नेलं. कापसाने कधी वायफाय अडतं का? पण पल्लवी तिथेच उभी राहून विचार करत होती, आणि मग तिने अगदी साधा, सरळ प्रश्न विचारला.

"कापूस तर सकाळीही तेवढाच असते ना, बाबा. मग सकाळी चालते आन् दुपारी काहून जाते? दुपारी घरात असं काय होते?"

दुपारी घरात काय होत होतं?

आता आलो मी त्या जागेवर. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

कापूस घरात ठेवला की उन्हाळ्यात तो वाळत जातो, आणि वजन उतरतं. ते उतरतं वजन मला खात होतं. शिवाय जिनिंगवरच्या त्या माणसाचं तोंड डोळ्यांसमोर असायचं. वाळलेल्या कापसाला ओला म्हणता का? मग घ्या ओल! दुपारी जेवणं झाली, बायको आडवी झाली, की मी अंगणाकडच्या बाजूने गुपचूप फिरून कापसाच्या खोलीत जायचो. कडी लावायचो. फवारणीचा एक कोरा पंप होता, त्यात साधं पाणी भरायचो आणि गंजीवर सगळीकडून मारायचो. एकदम मारलं तर कापूस काळा पडतो. रोज हलक्या हाताने मारलं तर आतपर्यंत मुरतं आणि कोणाला कळत नाही. यात मी पटाईत होतो. दर उन्हाळ्यात करायचो. त्या थंड, अंधाऱ्या खोलीत फवारा मारताना मला — खरं सांगू? — फार मजा वाटायची.

पल्लवीने प्रश्न विचारला त्या क्षणी मला सगळं दिसलं. वायर होती तोवर ती कापसाच्या पोटातून बिनधास्त जायची. आता वायफायला हवेतून जायचं होतं, आणि वाटेत मी रोज दुपारी पाण्याने भरलेली भिंत उभी करत होतो. रात्रभरात आणि सकाळच्या उन्हाने वरवर सुकायची, की मी परत पंप घेऊन हजर.

दोघंही माझ्याकडे बघत होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की बाई, मी पाणी मारतो. किती वेळ लागला असता? पण माझं डोकं बाजारात घडलेलं आहे. ते क्षणात चाललं आणि तोंडातून शब्द निघाला, "कूलर!"

"काय?"

"दुपारी कूलर लागते ना तुह्या खोलीत. मोठी मोटर हाये त्याची. तोच खाऊन राह्यला लाईन."

पल्लवीला पटलं. गजूनेही मान डोलावली, "असू शकते, वहिनी. मोटरचं काई सांगता येत नाई." आणि दुसऱ्या दिवसापासून माझी सून एप्रिलच्या उन्हात, आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हात, कूलर बंद करून मागच्या खोलीत बसायला लागली. ओला टॉवेल मानेवर ठेवून. पुण्याच्या लोकांशी हसून बोलत. मी पुढे बैठकीत पंख्याखाली लोळत होतो. मध्ये उठून दारातून बघायचो. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत यायचा आणि ती तो बैठक संपेपर्यंत पुसायची नाही, कारण कॅमेरा चालू असायचा.

ते बघून मी लगेच फवारा थांबवला. लाईन सुधारली! घरात आनंदीआनंद, कूलरच चोर निघाला म्हणून. म्हणजे कूलर आता कायमचा बंद. आणि मला काय वाटलं असेल? लाज? थोडी. पण चार दिवसांत कापूस परत कुरकुर वाजायला लागला, आणि मला वाटायला लागलं की अर्धा पंप मारला तर काय होईल? मी मारला. लाईन गेली. कूलर बंद असताना गेली. आता दोष कोणाला द्यायचा? मी परत गजूच्या डब्यावर आलो. त्याने बिचाऱ्याने डबा बदलला. भर उन्हात खांबावर चढून वायर बदलली. तळहात भाजले त्याचे. खाली आल्यावर बायकोने त्याला ताक दिलं आणि मी म्हणालो, "आता तरी नीट केली असशील."

महिनाअखेरची ती मोठी बैठक दोन दिवसांवर आली. जेवताना पल्लवी शांतपणे म्हणाली, "बाबा, गजूभाऊ म्हनते तेच खरं असन. उद्या मी गंजी थोडी हलवून पायते. आतमंदी हात घालून पायते, कुठून अडते ते."

हात घालून! माझा घास घशात अडकला. बायकोने पाठीवर थाप मारली. मी पाणी प्यायलो, आणि ते पोटात पोचायच्या आत ठरवून टाकलं. छाती काढून म्हणालो, "हात घालाची गरज नाई, पोरी. कापूसच उद्या बाहेर काढतो."

बायकोने विचारलं, "भाव?"

"भावाचं काय घेऊन बसली? पोरीची नोकरी मोठी का भाव मोठा?"

ऐकलंत? हे वाक्य आजही आमच्याकडे जसंच्या तसं सांगतात.

सकाळी गाडी आली. पल्लवी स्वतः सोबत यायला निघाली. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. जिनिंगवर तोच माणूस उभा होता, केस पांढरे झालेले. त्याने कोपरापर्यंत हात घातला. थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ओल हाये." या वेळी तो खरं बोलत होता, आणि पहिल्यांदाच मी गप्प होतो. भांडू कोणत्या तोंडाने? त्याने कट सांगितला. मी म्हणालो, "लिवा." तो इतका दचकला की त्याने मला परत विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. मागे पल्लवी उभी होती. घरी येऊन तिने सासूला मिठी मारली आणि रडत, हसत सांगितलं, "आई, बाबा एका शब्दानं भांडले नाई! माह्यासाठी भाव सोडला बाबानं!"

इकडे आम्ही जिनिंगवर असताना गजू येऊन आणखी एक नवा डबा लावून गेला होता, स्वतःच्या पैशांचा. संध्याकाळी कॉम्प्युटर लावला तर लाईन घोड्यासारखी पळायला लागली. गजूने दोन्ही कान धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, माह्याच डब्यात खोट होती. उगाच तुमच्यासंगं भांडलो. माफ करा मले." पल्लवीने पदर सावरून मला वाकून नमस्कार केला. एकाच संध्याकाळी, एकाच बैठकीत मी एकीचा नमस्कार घेतला आणि एकाची माफी. गजूच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "जाऊ दे रे. चूक मानसाच्याच हातून होते."

मी त्याला माफ केलं. मी!

मोठी बैठक सुरळीत झाली, कूलर जोरात सुरू ठेवून. पल्लवीची नोकरी पक्की झाली. ती बातमी तिने धावत येऊन सांगितली तेव्हा बायकोने तिला हाताला धरून अंगणात गरागरा फिरवलं, आणि मी मुलाला वणीला फोन लावून इतक्या जोरात बोललो की शेजारच्या घरातून पेढे मागायला माणूस आला. त्या आनंदात काहीही खोटं नव्हतं. तसा आनंद मला शेत घेतलं त्या दिवशीही झाला नव्हता.

पुढचं तर सांगायला नको इतकं चांगलं झालं. फवारा मी परत मारला नाही. कापूस आता घरात ठेवतच नाही. निघाला की विकतो. मधल्या खोलीला पांढरा रंग दिला, टेबलं टाकली, आणि पल्लवीने गावातल्या आणखी मुलींना शिकवून तिथे बसवलं. दिवसभर खोलीत बोटांचा टकटक आवाज आणि हसणं. गजूने लाईन दिली. त्याची सुटलेली घरं काही परत आली, काही आली नाहीत. जी आली नाहीत, ती माझ्या चौकातल्या बोलण्यामुळे. येणारी नवीन मुलगी आधी माझ्या पाया पडते, कारण पल्लवी प्रत्येकीला ती गोष्ट सांगते.

मागच्या महिन्यात पल्लवीला कामात मोठी जागा मिळाली, म्हणून जेवण ठेवलं होतं. त्या पांढऱ्या खोलीतच पंगत. पल्लवीने मला उभं केलं, "आज बाबाच सांगतीन." मुली टाळ्या वाजवायला लागल्या. गजू हातात तुपाची वाटी घेऊन वाढत होता, तोही थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. प्रेमाने बघत होते. सांगायला एवढी चांगली वेळ परत कधी येणार होती? हसण्यावारीही गेलं असतं.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "घरच्या पोरीसाठी करावं लागते मानसाले."

टाळ्यांनी खोली दणाणली. सगळ्यात मोठी टाळी गजूची होती, तुपाची वाटी खाली ठेवून वाजवलेली. मी खाली बसलो. त्याने माझ्या पुरणपोळीवर तुपाची धार सोडली, आणि मी हात आडवा केला नाही, म्हणून सोडतच राहिला.

मी ती पोळी खाल्ली. मग दुसरी मागून घेतली. चांगली लागली.